पाहुणे येईपर्यंत

माझं परदेशी जाणं माझ्याच सत्कारात अडकलं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतात. आवरायची काही गरज नाही, गोष्ट हसण्यासारखीच आहे. मीही एकदोनदा हसून बघितलं, पण जमलं नाही.

वर्ध्यात लोकप्रशासन हा विषय घेऊन एम.ए. करणाऱ्याला पुढे काय, असं कोणी विचारत नाही. तो स्पर्धा परीक्षा देणार हे ठरलेलंच असतं. अभ्यासिकेत जागा धरायची, डबा खायचा, जाहिरातीची वाट बघायची आणि घरात लग्नाचा विषय निघाला की पुस्तक उघडायचं. आमच्या वर्गातले सगळे त्याच रांगेत होते. मला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. सरकारं कशी चालतात, एका देशातली ग्रामपंचायत आणि दुसऱ्या देशातली ग्रामपंचायत यांत काय फरक असतो, हे जिथे बसून अभ्यासतात आणि ठरवतात अशा ठिकाणी मला काम करायचं होतं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, म्हणजे बीडीओच ना. मी म्हटलं, बीडीओच, पण सगळ्या जगाचा. तिने मान डोलावली आणि कुकर लावायला गेली.

माझा प्रबंध तहकूब ग्रामसभांवर होता. ठरलेल्या संख्येइतकी माणसं जमली नाहीत तर ग्रामसभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा माणसांच्या संख्येची अट राहत नाही. हे गावोगाव सगळ्यांना पाठ. म्हणून कारंजा तालुक्यातल्या ज्या गावांत मी हिंडले, तिथे पहिली सभा भरवायच्या भानगडीत कोणी पडतच नव्हतं. पहिल्या दिवशी ग्रामसेवक सतरंजीसुद्धा अंथरत नसे. मीच एकटी वही घेऊन चावडीवर बसायची आणि समोरच्या टपरीवरचा माणूस मला दोनदा चहा पाजायचा. लोक न जमताही लोकशाही रीतसर कशी चालते, हे मी त्यातून लिहून काढलं.

ते लिखाण मी इंग्रजीत केलं आणि विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन परिषदेत वाचलं. युरोपातल्या एका थंड देशातल्या विद्यापीठाच्या बाई ऐकत होत्या. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. बाईंनी मला सतरंजीबद्दल विचारलं. खरंच अंथरत नाहीत का? मग पुढच्या आठवड्यात त्यांचा मेल आला की आमच्याकडे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, शेवटचे सहा महिने एका आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करायला पाठवतात, तू अर्ज कर. मी केला. प्रवेश मिळाला आणि पूर्ण शिष्यवृत्तीही मिळाली. आता फक्त दोन गोष्टी उरल्या होत्या. मुंबईला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे आणि कागद द्यायचे, आणि ठरलेल्या तारखेच्या आत तिथे जाऊन हजर व्हायचं. त्या तारखेला हजर झालं नाही तर जागा आणि शिष्यवृत्ती पुढच्या माणसाला जाणार, हे त्यांनी पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं होतं. बाबा म्हणाले, नियम म्हणजे असा पाह्यजे.

बाबा वर्ध्याच्या एका शिक्षणसंस्थेत लिपिक होते. शाळेत फोन आला की पलीकडच्याला आधी त्यांचाच आवाज ऐकू यायचा, पण कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नाव कधी नसायचं. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी ते शर्ट बदलून स्कूटरवरून बाहेर गेले आणि तासाभराने पेढे घेऊन आले. पण पेढे मिळायला तासभर लागत नाही. ते आमच्या समाजाच्या मंडळाच्या सचिवांकडे जाऊन आले होते.

आमच्याकडे कोणाचं काही बरं झालं की त्याचा सत्कार होतो, आणि सत्कार होईपर्यंत ते बरं झालेलं पक्कं धरत नाहीत. दहावीला गुण मिळाले, शिक्षक सेवानिवृत्त झाले, कोणी पोलिसात लागलं, कोणाचं पोरगं पुण्याला कंपनीत गेलं, सगळ्यांसाठी शाल आणि नारळ. दोनच दिवसांत आमच्या घराजवळ पिपरी मेघेच्या चौकात फ्लेक्स लागला. वर पाच पुढाऱ्यांचे गोल फोटो, मध्ये एका पुढाऱ्याचा कमरेपासून वरचा फोटो आणि खाली कोपऱ्यात मी, प्रवेशअर्जावरच्या पासपोर्ट फोटोत, कोणीतरी अंगावर ओरडल्यासारखी डोळे मोठे केलेली. आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रशासनात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी म्हटलं, बाबा, निवड प्रशासनात नाही झाली, शिकायला झाली आहे. ते म्हणाले, फ्लेक्सवर तेवढी जागा नसते.

व्हिसासाठी मुंबईची वेळ मिळता मिळत नव्हती. सगळ्या देशातली पोरं त्याच हंगामात निघतात. रोज सकाळी उठून मी ती वेबसाइट उघडायची आणि रोज सगळे दिवस भरलेले दिसायचे. शेवटी एका सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. मी आनंदाने ओरडले. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. रविवारी मंडळाचा गुणगौरव सोहळा होता.

आई लगेच म्हणाली, सोहळ्याचं राहू द्या, आल्यावर करतीन सत्कार. बाबा म्हणाले, आल्यावर कोन इचारते? मग त्यांनी हिशेब मांडला. कार्यक्रम दुपारी दोनला, सत्कार चारपर्यंत आटोपतात, गाडी आठला आहे, बॅग सभागृहातच ठेवू, तिथूनच स्टेशनवर जाऊ. हिशेबात काही चूक नव्हती, ती मी आजही शोधते. फक्त त्यात प्रमुख पाहुणे धरले नव्हते.

पाहुणे नागपूरहून येणार होते. त्यांच्या हस्ते सत्कार म्हटल्यावर ते आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हे इतकं उघड होतं की त्यावर कोणी बोललंसुद्धा नाही. अडीच वाजता आम्हाला मंचावर बसवलं. खरं म्हणजे मंचावर फक्त पाहुणे आणि पदाधिकारी बसतात आणि सत्कारमूर्ती खाली बसतात. पण मी आंतरराष्ट्रीय असल्यामुळे मला वर बसवलं, आणि माझ्याबरोबर बाबांनाही. समोर दहावी-बारावीची पोरं आपापल्या आयांसोबत बसली होती. सूत्रसंचालन करणारे गुरुजी माइकवरून दर थोड्या वेळाने पाहुण्यांचा ठावठिकाणा सांगत होते. पाहुणे बुटीबोरीला पोचले. पाहुण्यांच्या हस्ते सेलूला एक उद्घाटन आहे. मधल्या वेळात एका मुलीने दोन भावगीतं म्हटली, मग तीच पुन्हा म्हटली. सहा वाजले. पाहुणे पवनारला आले अशी घोषणा झाली आणि सभागृहात टाळ्या पडल्या. पवनार ते वर्धा किती थोडं अंतर आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण पवनारला पाहुण्यांना कोणीतरी चहाला घरी नेलं होतं, ते नंतर कळलं.

सात वाजून गेले. आई पहिल्या रांगेतून मला हाताने उठ उठ म्हणत होती. मग न राहवून ती मंचाच्या कडेला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, उठ. तुही गाडी जाईन. शाल घरी आनून देतीन ते."

मी उठायला लागले. खुर्चीचे हात धरून अर्धी उठलेसुद्धा. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर सभागृहाकडे बघत होते.

"पाच मिनिटं बस, बेटा. आताच येऊन राह्यले."

मी बसले. त्यांच्या हाताला जोर मुळीच नव्हता. झटकला असता तर सहज सुटला असता, पण माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे बापाचा हात कोणी झटकत नाही, आणि भरल्या सभागृहात तर नाहीच.

पाहुणे आले तेव्हा गाडी स्टेशनातून निघून गेली होती. आले ते घाईत, कारण त्यांना पुढे हिंगणघाटला जायचं होतं. सगळ्यात आधी माझा सत्कार झाला. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह, फोटो. पाहुण्यांनी मला विचारलं, कुठे चालली बेटा, आणि उत्तराची वाट न बघता फोटोवाल्याकडे वळले. बाबांनाही त्यांनी शाल घातली. फोटोत बाबा ताठ उभे आहेत आणि मी घड्याळाकडे बघते आहे.

मग पळापळ झाली. नागपूरहून पहाटेच्या विमानात जागा नव्हती. गाडी करून जायचं म्हटलं तर रात्रभर मुंबईपर्यंत चालवायला कोणी तयार होईना. रात्रीच्या पुढच्या गाडीने मी आणि बाबा बिनारिझर्वेशनचे निघालो आणि दाराजवळ पेपर अंथरून बसलो. आमच्या दोघांच्या शाली बॅगेत होत्या, बाबांनी त्यांची काढून मला पांघरायला दिली. मुंबईला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. त्या केंद्राच्या काचेच्या दारापाशी गणवेशातल्या माणसाने माझ्या मोबाइलमधली ठरलेली वेळ बघितली आणि सांगितलं की दहाचे लोक केव्हाच आत जाऊन बाहेर आले, नवी वेळ घ्यावी लागेल. बाबा त्याच्याशी हिंदीत बोलले, हात जोडले. आमच्या कचेऱ्यांत एवढ्याने काहीतरी होतं. तो माणूस चांगला होता, त्याने आम्हाला पाणी दिलं. आत मात्र सोडलं नाही.

पुढची वेळ मिळाली ती कितीतरी आठवड्यांनंतरची. मी विद्यापीठाला मेल केला, त्या बाईंनाही केला. माझ्यासाठी शब्द टाकला असं बाईंनी लिहिलं आणि मला ते खरं वाटतं. कार्यालयाचं उत्तर तीन ओळींचं होतं. तारीख सगळ्यांना सारखी आहे, आम्हाला वाईट वाटतं, पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. नियम माणूस बघून बदलू नये यावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती आणि चांगले गुण मिळवले होते. त्या तीन ओळी वाचून मला पहिल्यांदा वाटलं की त्या चार पानांना भोपळा मिळायला हवा होता.

नव्या वेळेला मी तरीही मुंबईला जाऊन आले आणि व्हिसा मिळाला, हे मुद्दाम सांगते. पासपोर्ट पोस्टाने घरी आला तेव्हा त्यात सुरेख चकचकीत व्हिसा चिकटवलेला होता, त्यावर माझे तेच मोठे डोळे. तोवर तिथले वर्ग सुरू होऊन माझ्या जागी कोणीतरी बसलं होतं. पुढच्या वर्षी अर्ज करायचा म्हटलं तर ती शिष्यवृत्तीच बंद झाली. तिच्याशिवाय तिकडचा खर्च आमच्या घरात निघणं शक्य नव्हतं. बाकीच्या देशांत, बाकीच्या विद्यापीठांत मी अर्ज केले, अजूनही अधूनमधून करते. नकाराचं इंग्रजी आता मला इतकं पाठ झालं आहे की पहिल्या ओळीतल्या आभारांवरूनच पुढचं कळतं.

फ्लेक्स पावसाळाभर चौकात राहिला. कोणी काढत नव्हतं, कारण त्यावर पुढाऱ्याचा फोटो होता. भाजी आणायला गेले की लोक आधी फ्लेक्सकडे बघायचे, मग माझ्याकडे. काऊन, गेली नाई का अजून? काही बायकांनी ठरवून टाकलं की मी जाऊन परत आले, तिकडचं मानवलं नाही. आई सुरुवातीला समजावून सांगायची, मग तीही थकली आणि हो हो म्हणायला लागली.

मला नोकरी लागली ती कारंज्याच्या एका सरकारी कार्यालयात, कंत्राटी. वर्षाच्या आत करार संपतो, मधे एक दिवस घरी बसवतात आणि पुन्हा घेतात. सकाळच्या बसने जाते, उभी राहून. माझ्या टेबलावर गावोगावच्या ग्रामसभांची इतिवृत्तं येतात आणि मी ती संगणकात भरते. सभा तहकूब. सभा तहकूब. ज्या सभांवर लिहून मी जगात जाणार होते त्या आता मी रोज टाइप करते, आणि साहेब म्हणतात की पोट्टीचा हात लय जलद आहे.

माझ्या जुन्या महाविद्यालयातून फोन आला तेव्हा मात्र मी चिडले. विद्यार्थीदशेतच प्रशासनात आंतरराष्ट्रीय करिअर कसं घडवावं, यावर व्याख्यान द्यायचं होतं. मी सरांना म्हटलं, सर, मी गेलेच नाही. सर म्हणाले, निवड तर झालती ना, मंग? कुठल्याशा तपासणीसाठी त्यांना असा एक कार्यक्रम झालेला दाखवायचा होता. मी गेले, आणि जे खरंच उपयोगाचं आहे ते सांगितलं. इंग्रजीत लिहायची सवय करा, आपल्या गावाबद्दल लिहा, तिकडच्या प्राध्यापकांना बिनधास्त मेल करा, ते उत्तर देतात. पोरं मन लावून लिहून घेत होती. शेवटी बोरगाव मेघेची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, मॅडम, तुम्ही सध्या कुठल्या देशात असता? मी म्हटलं, कारंज्याला. सगळे हसले, त्यांना वाटलं मी गंमत केली. सरांनी मला शाल दिली. ती मी येताना बसमध्ये सीटखाली ढकलून दिली, तर कंडक्टरने उतरताना हाक मारून परत दिली.

या सगळ्यात माझा राग शाबूत होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याच जोरावर मी रोज उठत होते. पाहुण्यांवर राग, पवनारच्या त्या चहावाल्या घरावर राग, तीच गाणी दोनदा म्हणणाऱ्या मुलीवर राग, काचेच्या दारावर, तीन ओळींच्या उत्तरावर. बाबांवर मात्र नव्हता. बाबांना मी मनातल्या मनात केव्हाच सोडून दिलं होतं. भोळा माणूस, पाहुणे खरंच पाच मिनिटांत येतील असं त्याला वाटलं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

गेल्या महिन्यात बाबा सेवानिवृत्त झाले. मी सुट्टी घेऊन त्यांच्या शाळेत गेले. संस्थेच्या अध्यक्षांना बाहेरगावी जावं लागलं होतं आणि सभागृहात परीक्षा सुरू होती, म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीतच निरोप उरकला. चहा, समोसा, शाल. बसायला तीनच खुर्च्या होत्या, त्यामुळे बाबा उभेच होते. सगळे चांगलं बोलले. कार्यक्रमाला बाबा असले की चिंता नसायची, असं दोघातिघांनी सांगितलं.

परत येताना मी स्कूटरवर मागे बसले होते. संध्याकाळची रहदारी होती. बाबा मान न वळवता एकदम म्हणाले, "मले मालूम होतं, बेटा."

मी विचारलं, काय मालूम होतं?

"पाहुणे येत नाई आठाच्या आंदी. त्यायले आनाले गेलेल्या सचिवाचा फोन आलता, मी मंचावरच घेतला. त्यानं सांगतलं, पवनारले बसले हायेत, तासभर लागीन."

स्कूटर हळू झाली होती, मागचे हॉर्न वाजवत होते.

"आख्खी नोकरी मी मंचाच्या मांगं तबक धरून उभा राह्यलो. शाल, नारळ, सारं माह्या हातात, आन् देनारे दुसरे, घेनारे दुसरे. त्या दिवशी मले खुर्ची भेटली. तू उठली असती त मलेबी उतरा लागलं असतं, तुह्याच जिवावर बसलो होतो ना. मले उतराचं नव्हतं."

त्यांनी माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. बाकीच्यांवरचा राग शोधला, तर तोही जागेवर नव्हता. ज्याच्या जोरावर मी सकाळी उठून बस पकडत होते, तेही त्यांनी एका वाक्यात माझ्याकडून काढून घेतलं. समोर त्यांची पाठ होती, आणि निरोपाची शाल त्यांनी अजून खांद्यावरून काढली नव्हती. मला जायचं होतं, अजूनही जायचं आहे, आणि मी आता कुठेही जाणार नाही हे मला त्या पाठीमागे बसून पहिल्यांदा नीट कळलं.